दोन खणांची कुयरी

कुयरी द्यायची कल्पना माझी. बाकी कुणाची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढंच सांगायला मला आठ महिने लागले.

मी गिरिजा. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते, मूळची संगमेश्वरची. फाटकाजवळच्या स्टीलच्या कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंगला होते, शेवटची नऊ वर्षं सुपरवायझर. हाताखाली चौदा बायका. मी बोलले की बोलले. घरीही तेच. आमचे हे, पंढरीनाथ, आधीच अबोल, त्यात माझ्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे पेपरची घडी घालून, घसा खाकरून वगैरे. माझी धाकटी बहीण सुलू त्यांच्याहून गरीब. तिचा नवरा गेला तेव्हा तिची मिनल सातवीत होती. तेव्हापासून सुलूच्या घरात पडद्याचा रंगसुद्धा मला विचारून ठरायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मिनल बारावीला असताना तिला एकाचे दोन दिसायला लागले. फळ्यावरची ओळ, रस्त्यावरचा दिवा, सगळं दुहेरी. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायचा. "मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस, दुसरं काय होणार?" असं मी तिला चारचौघांत झापलेलं आहे. पोरीला डोळे चोळायची सवय होती, अगदी मुठी वळून चोळायची, त्याकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तिच्या डोळ्यांचा नकाशा काढला. म्हणाल्या, बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन पुढे टोकदार होत चाललाय. केराटोकोनस म्हणतात त्याला. किरणांचा उपचार करून त्यांनी तो वाढायचा थांबवला, पण जो आकार बिघडला तो बिघडला. चष्म्याने काडीचा फरक पडेना.

मग लेन्स आल्या. कॉलेजच्या मुली लावतात त्या मऊ, पातळ नव्हेत. या कडक, कोटाच्या बटणाएवढ्या, खोलगट. त्या खोलगट भागात काठोकाठ सलाईन भरायचं, टेबलावर आरसा आडवा ठेवून मान खाली घालायची आणि लेन्स तशीच भरलेली डोळ्यावर चढवायची. आत बुडबुडा राहिला की काढा, भरा, परत लावा. लेन्सखाली ते पाणी दिवसभर राहतं, बुबुळाचा उंचसखलपणा भरून काढतं आणि मग माणसाला नीट दिसतं. काढायला रबराची एक चिमुकली दांडी असते, ती लेन्सला चिकटवून हळूच ओढायची.

पहिल्यांदा लावल्या तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात होती. खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाली, "मावशी, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या पदराला पिन लावलेली आहे." त्या पिनेसाठी ती, सुलू आणि मी, तिघी रडलो. ह्यांनीसुद्धा चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्या लेन्सच्या जोरावर मिनल लॅब टेक्निशियन झाली. स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजीत मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्ताच्या पेशी मोजायची. मलेरियाचा संशय असला की तिथले डॉक्टर म्हणायचे, स्लाइड मिनलला दाखवा. उजवा डोळा तिचा कामाचा. काय तो तोरा होता पोरीचा, आणि काय त्याचा मला तोरा!

डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले होते ते माझ्यासमोर. झोपताना काढायच्या म्हणजे काढायच्या. नळाचं पाणी लेन्सला चुकूनही लावायचं नाही, सलाईन संपलं तर लेन्स लावायची नाही, पण पाणी भरायचं नाही. आणि त्यांच्या डबीशिवाय दुसरीकडे कुठे ठेवायच्या नाहीत. मला तिन्ही नियम पाठ होते. म्हणून तर मला 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय नाही.

लग्नाचं बघायला लागलो तेव्हा सुलूने भोळेपणाने सगळं सांगितलं. विरारची मंडळी चहा पिऊन गेली ती गेलीच. डोंबिवलीच्यांनी फोनवर विचारलं, "पुढे मुलांच्या डोळ्यांना होणार नाही याची गॅरंटी काय?" मी म्हटलं, तुमच्या मुलाच्या टकलाची काय गॅरंटी आहे? सुलू घाबरून माझ्या हातातून फोन ओढत होती. पण त्या दिवशी मी ठरवलं, आता पुरे. पुढचं स्थळ मी बघेन आणि डोळ्याचा 'ड' कुणी काढायचा नाही.

पुढचं स्थळ कौस्तुभचं. म्हसळ्याकडचे लोक, भाईंदर पश्चिमेला मुर्ध्याच्या रस्त्यावर नवीन बिल्डिंग झालीय तिथे राहणारे. मुलगा एसी दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनिअर. वडील बहुतेक वेळ गावी कलमांकडे. आई नीलिमाताई बालवाडीच्या बाई, आवाज कसा तो चढवायचा हे ठाऊकच नाही. मुलगा-मुलगी दोनदा भेटले, तिसऱ्यांदा आपसूक भेटले. मिनल मोहरून गेली होती.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी ती माझ्याकडे आली आणि फोन पुढे केला. "मावशी, हे वाच. पाठवू का?" तिने कौस्तुभला लिहिलं होतं. तुला एक सांगायचं राहिलंय, माझ्या डोळ्यांना असं असं आहे, मी अशा लेन्स लावते, तू घरी सांगून बघ, नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. चांगलं लिहिलं होतं. नीट, सरळ.

मी फोन हातात घेतला आणि सगळं पुसून टाकलं.

"वेडी आहेस का? पत्रिका छापायला गेल्यात!"

"पण मावशी, रोजचं आहे ते. एका घरात राहून लपणार कसं?"

"कायमचं कोण लपवायला सांगतंय? सत्यनारायण होऊ दे, जरा रुळ तिथे. महिन्याभराने सांग की, 'अहो, मी लेन्स लावते.' तेव्हा काय परत पाठवणारेत?"

ह्यांनी पेपरची घडी घातली. घसा खाकरला. "गिरिजा, सांगू दे तिला. माणसं चांगली वाटतात."

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचला.

राहता राहिली ती डबी. प्लास्टिकची, दोन झाकणांची, वर इंग्रजीत डावं-उजवं लिहिलेलं. कुणीही विचारणार, हे काय? रुखवतात मी चांदीची कुयरी देणारच होते, आंब्याच्या आकाराची, दोन खणांची, एकात हळद, दुसऱ्यात कुंकू. तिच्याकडे बघता बघता डोक्यात आलं. मी ती उकळत्या पाण्यातून काढली, कोरडी केली आणि मिनलला म्हटलं, "ही घे तुझी डबी. हळदीच्या खणात उजवी, कुंकवाच्यात डावी. नव्या सुनेच्या कुयरीला कोण हात लावतंय!" मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी ते सुलूला दोनदा सांगितलं. खरी डबी माझ्या कपाटात राहिली.

सत्यनारायणाच्या सकाळी घरातल्या बाईचा हात सगळ्यात आधी हळदीकुंकवाकडेच जाणार, हे मला, चौदा बायकांच्या सुपरवायझरला, सुचलं नाही.

लग्न मे महिन्यात झालं. पूजा दुसऱ्याच दिवशी. आम्ही अकराच्या सुमाराला मुर्ध्याला पोचलो तर घरात पाय ठेवायला जागा नाही, गावचे वीसएक पाहुणे. मिनल चौरंगाशेजारी बसलेली, नवी पैठणी, आणि उजवा डोळा लालसर. डावीकडे बघताना मान पूर्ण वळवत होती. मला कळलंच काहीतरी बिनसलंय. नैवेद्याच्या निमित्ताने तिला आतल्या खोलीत ओढली.

काय झालं होतं ते तिने भराभरा सांगितलं. ती अंघोळीला गेली असताना नीलिमाताई पूजेचं सामान गोळा करत होत्या. उशाशी चांदीची कुयरी दिसली. आत पाणी. धुऊन तशीच ओली ठेवली असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ते मोरीत ओतलं, एका खणात हळद भरली, एकात कुंकू. डावी लेन्स पाण्याबरोबर गेली. उजवी तळाला चिकटून राहिली होती, मिनलला ती हळदीच्या खाली सापडली. सलाईन, रात्री लेन्स बुडवून ठेवायचं सोल्युशन, काढायची दांडी, सगळं तिच्या पर्समध्ये, आणि घरात एवढी माणसं म्हणून नीलिमाताईंनी पर्स दागिन्यांबरोबर कपाटात कुलूप लावून ठेवलेली. मिनलने मागितली तर प्रेमाने म्हणाल्या, "पाहुणे जाऊ देत गं, मग काढते. काय हवंय सांग, मी देते." काय हवंय तेच तर सांगता येत नव्हतं. लेन्सशिवाय पोथी दिसेना, समई दिसेना, माणसं ओळखू येईनात. मग तिने लेन्स बेसिनच्या नळाखाली धुतली, नळाचंच पाणी भरलं आणि बोटांनी लावली.

"मावशी, चुरचुरतंय गं. मी सांगू का सगळ्यांना? नाहीतर तू सांग. पर्स तेवढी काढून देतील."

बाहेर आरतीची तयारी चालली होती. नीलिमाताई दारातून डोकावून हसून गेल्या. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर दहा मिनिटांत पर्स मिळाली असती. चार माणसांनी माना वळवल्या असत्या, एखादी म्हातारी बोलली असती. बस, इतकंच. त्या इतक्याची मला लाज वाटली.

"आजचा दिवस काढ," मी म्हटलं. "आरतीत का तमाशा करायचाय? हळद काय विष आहे?"

तिने मान डोलावली. लहानपणापासून डोलावत आलीय तशीच.

आजचा दिवस एकटा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे कुलदेवीला गाडी निघाली ती म्हसळ्याला. पाहुणे अजून घरातच, त्यामुळे पर्स कपाटातच राहिली. लेन्स काढायची कशाने आणि ठेवायची कुठे, कुयरीत तर कुंकू. दोन दिवस आणि दोन रात्री ती लेन्स, ते पाणी पोरीच्या डोळ्यात राहिलं. तिसऱ्या दिवशी परत येताना तिला उजेड सहन होईना. कौस्तुभ गाडीतून उतरला तो तिला तडक हॉस्पिटलातच घेऊन गेला. तिथे डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि झाकपाक संपली.

नळाच्या पाण्यात असतो म्हणे एक जंतू. सहसा काही करत नाही. पण लेन्सखाली अडकला, वर डोळा आधीच पातळ, की बुबुळ खातो. आणि चिवट इतका की औषधाला दाद देत नाही. मिनलच्याच बुबुळाचा कण काढून स्लाइडवर ठेवला, तेव्हा सापडला. ज्या मुलीने अख्ख्या भाईंदरच्या स्लाइडी बघितल्या, तिची ही स्लाइड.

हॉस्पिटलच्या बाकावर ती पट्टी बांधून बसलेली. सुलू रडत होती, हे भिंतीला टेकून उभे, कौस्तुभ औषधं आणायला खाली गेलेला. नीलिमाताई तिच्या शेजारी बसून तिचा हात चोळत होत्या. "अगं, एवढं होतं तर सांगायचं नाही का? का लपवलंस बाळ? आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

मिनलने तोंड माझ्या दिशेला वळवलं. तिला मी दिसत नव्हते, पण कुठे उभी आहे ते ठाऊक होतं. थोडा वेळ थांबली. माझ्यासाठी थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. मी त्यातले हात मोजत राहिले.

"माझंच चुकलं, आई," ती म्हणाली. "मीच नाही सांगितलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.  

पुढचं सगळं औषधांच्या थेंबांचं. सुरुवातीला तासातासाला, दिवसा आणि रात्रीही. दुखायचं इतकं की उशी चावायची. कौस्तुभने रजा टाकली, नीलिमाताईंनी बालवाडी महिनाभर दुसऱ्या बाईंकडे सोपवली. दोघं आळीपाळीने थेंब घालायचे. मी जायचे, डबा न्यायचे, उकडीचे मोदक न्यायचे, सगळ्यांशी मोठ्याने बोलायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं, कशी आहे मिनल, की "छान आहे, सुधारतेय" म्हणायचे. पावसाळा संपता संपता जंतू मेला. उजव्या बुबुळावर पांढरा डाग ठेवून गेला. डॉक्टर म्हणतात, डोळा पुरता शांत झाला की दान केलेलं बुबुळ बसवून बघू. कधी, ते सांगत नाहीत. दिसेलच असंही म्हणत नाहीत. डाव्या डोळ्याला नवीन लेन्स बसवली, त्यावर तिचं चालतं. लॅबमध्ये परत घेतलं तिला, पण मायक्रोस्कोपवर नाही. आता ती काउंटरवर बसते आणि बाटल्यांना नावांच्या पट्ट्या चिकटवते. मी एकदा त्या बाजूने जाताना काचेतून बघितलं. पट्टी चिकटवण्याआधी ती बोटाने बाटलीची कड चाचपत होती. मी आत न जाता सरळ घरी आले.

जानेवारीत तिची पहिली संक्रांत आली. नीलिमाताईंनी फोन केला. "गिरिजाताई, सुनेचं पहिलं हळदीकुंकू आहे, तुम्ही जरा आधीच या, चारपर्यंत." सुलूच्या पायाला सूज होती, ती घरी राहिली. मी एकटीच निघाले. "भैया, मुर्धा जाना है, और गड्ढे देखके चलाना," असं रिक्षावाल्याला दरडावलं. अख्ख्या वाटेत खात्रीने बोललेलं ते एकच वाक्य.

मिनलने दार उघडलं. काळी साडी, हलव्याचा हार, हलव्याचा बिंदी-पट्टा. उजव्या डोळ्यातला डाग काळ्या साडीवर अजूनच उठून दिसत होता. चहा आणला आणि माझ्यासमोर कपात ओतायला लागली तर पहिली धार बशीच्या बाहेर गेली. "एका डोळ्याने अंतर कळत नाही गं मावशी," असं म्हणून हसली आणि फडकं आणायला गेली. तक्रार नाही काही नाही. एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

खिडकीजवळ भिंतीला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर आडवा आरसा, सलाईनच्या छोट्या बाटल्या ओळीने, स्वच्छ रुमाल, रबराच्या दांड्या, आणि ती प्लास्टिकची डबी, डावं-उजवं लिहिलेली. चार लोकांच्या डोळ्यांसमोर, भर हॉलमध्ये.

"कौस्तुभने केलं ते," नीलिमाताई माझ्या मागे येऊन म्हणाल्या. "मी त्याला एकदा विचारलं होतं, तुला आधी कळलं असतं तर तू काय केलं असतंस रे? म्हणाला, ही फळी आधीच ठोकली असती."

मी परत जागेवर जाऊन बसले.

नीलिमाताई आत गेल्या आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. माझ्या शेजारी बसून त्यांनी रुमाल सोडला. कुयरी. काळी पडलेली.

"रागवू नका, पण ही तुम्ही परत घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एवढ्या हौसेने दिलीत तुम्ही. पण मला नाही हो बघवत. माझ्या या हातांनी ओतलं मी ते. जरा बोट घालून बघितलं असतं तर? काय घाई होती मला? रोज देवापुढे दिवा लावताना हात बघते आणि वाटतं, या हातांनी पोरीचा डोळा घेतला. मिनल म्हणते, आई, तुमची काही चूक नाही. ती बिचारी दुसरं काय म्हणणार."

मला हे ठाऊकच नव्हतं. आठ महिने मी माझ्यापुरती लपून बसले होते. माझी जागा रिकामी ठेवली होती आणि तिथे ही बाई बसली होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. 'अहो, जाऊ द्या हो, झालं ते झालं' असं म्हणून कुयरी पर्समध्ये टाकणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नीलिमाताई, तुमच्या हातांनी नाही," मी म्हटलं. "त्यात लेन्स ठेवायला मी सांगितलं होतं."

त्यांनी हातातला रुमाल मांडीवर ठेवला.

"मिनलला तुम्हाला सांगायचं होतं. लग्नाआधीच. तिने कौस्तुभला लिहिलेलं मी पुसलं. डबी माझ्याकडे ठेवून घेतली आणि ही कुयरी तिच्या हातात दिली. पूजेच्या दिवशी तिने मला आतल्या खोलीत सांगितलं, डोळा चुरचुरतोय, नळाचं पाणी भरलंय, सगळ्यांना सांग म्हणून. मी म्हटलं, आजचा दिवस काढ."

"पूजेच्या दिवशी?" त्यांचा आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी तुमच्या शेजारी बसून प्रसादाचे द्रोण भरत होते."

"हो."

"किल्ली माझ्या कमरेला होती, ताई. नुसतं म्हणायचं होतंत, किल्ली द्या."

  मी आयुष्यभर बोलत आलेय, कारखान्यात बोलले, वरातीत बोलले, विरारच्यांना आणि डोंबिवलीच्यांना बोलले. दोन शब्द बोलायचे होते तेवढेच राहिले.

नीलिमाताईंनी स्वतःचे हात मांडीवर उलटे केले, सुलटे केले. "आठ महिने," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडणं त्यांना येतच नाही. त्यांनी कुयरी उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली. "मग ही तुमचीच. माझ्या घरात नको."

मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात मिनल उभी होती, हातात ओलं फडकं. सगळं ऐकलेलं होतं तिने. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला मिठी मारेल. तिने तसं काही केलं नाही. ती सासूजवळ गेली, खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नीलिमाताईंचा हात तिच्या केसांवर गेला. मी समोर बसले होते, तीन फुटांवर, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बायका आल्या होत्या, एक गुजराती शेजारीण, दोन मुर्ध्याच्या आगरी बायका, "कंची हाय नवी सून?" करत आत आल्या. घर एकदम भरलं. तिळगुळाचे डबे, वाणाच्या पिशव्या. मी उठले आणि चपलांकडे निघाले. जावं असंच वाटत होतं.

"थांबा," नीलिमाताई म्हणाल्या. "आल्या सवाष्णीला हळदीकुंकू न लावता पाठवत नाही आम्ही. मिनल, आधी मावशींना लाव." मला बसवलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

मिनल स्टीलच्या साध्या पंचपाळ्यातून कुंकू घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. इतक्या जवळून मी तिचा डोळा पहिल्यांदा बघत होते. आधी दर वेळी मी पदराशी चाळा करायचे, खिडकीबाहेर बघायचे. डागाच्या कडेला बुबुळाचा थोडा तपकिरी रंग उरलाय. लहानपणी उन्हात तो मधासारखा दिसायचा. तिने बोट पुढे आणलं, जरा अडखळलं, आणि कुंकू माझ्या भुवईवर टेकलं.

"लागलं का गं नीट?" तिने विचारलं.

आठ महिने मी तिला हो म्हणत आले होते. तिने ओतलेला चहा, घातलेली रांगोळी, नेसलेली साडी, सगळ्याला हो, छान, मस्त.

"नाही," मी म्हटलं. "भुवईवर लागलंय."

तिने पदराने ते पुसलं. मग डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, अंगठ्याने कपाळाचा मध्य चाचपला. तिचा हात गार होता, चहाच्या फडक्याने ओला. आजूबाजूला बायका हसत होत्या, उखाणा घे म्हणत होत्या.

"हलू नकोस, मावशी."

"नाही हलत," मी म्हटलं. "तू लाव. हवा तेवढा वेळ लाव."